मुठेच्या कांठाकांठानें

हिंवाळ्यांतील सकाळचें ऊन ही गरीब-श्रीमंत सर्वांस सारखीच मिळणारी मेजवानी होय. संक्रांत जवळ आली, घरोघर तीळ निवडण्यास बसलेल्या बायकांच्या गप्पा रंगूं लागल्या, कीं पुण्याची हवा वर्षांत कधीं नसते इतकी प्रसन्न होते. अशा दिवसांत पुणेकर पर्वतीवर जातो, टेकडीवर जातो, उत्साह असला तर सिंहगडहि चढून येतो. परंतु ज्या नदीच्या कांठीं हें शहर वसलें, तिच्या कांठानें मुद्दाम फिरावयास जाणारीं माणसें फार थोडीं. दिवसांतून चार वेळां आपण मुठा ओलांडतों; पण ती पाहतों किती वेळां? नदी ही ओलांडावयाची वस्तु आहे, भेटावयाची नव्हे, असाच जणूं आपला समज होऊन बसला आहे.

हा समज कसा झाला, आणि तो कां सोडावा, हें पुस्तकांत शोधीत बसण्यापेक्षां नदीकांठीं जाऊन पाहणें अधिक सोपें व अधिक आनंदाचें आहे. म्हणून लकडी पुलापासून प्रवाहाच्या दिशेनें संगमापर्यंत, आणि ज्यांच्या पायांत बळ असेल त्यांनीं तेथून पुढें बंडापर्यंत जावें. पहिला टप्पा तीन-साडेतीन किलोमीटरांचा, दुसराहि जवळ जवळ तितकाच. घरांतील वडील मंडळींस पहिला टप्पा पुरे होईल. मुलांस दोन्ही पुरणार नाहींत. सकाळीं आठाच्या सुमारास निघावें. तेव्हां पाण्यावर धुक्याचा पातळ पदर असतो. रात्रीं थंड झालेली जड हवा उतारावरून सखल भागाकडे सरकते व नदीच्या खोलगट पात्रांत येऊन सांठते; पाणी तिच्याहून थोडें ऊबदार असतें, त्यामुळें त्याची वाफ थिजून धुकें होतें. पेठांच्या घरांमागून सूर्य वर आला कीं घटकाभरांत हा पदर विरून जातो आणि पुलांच्या कमानी एकामागून एक उजळूं लागतात.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हिंवाळ्यांत आपण जें पाणी पाहतों तें बहुतेक मुठेचें नव्हेच. सह्याद्रीच्या कुशींत पडलेला पाऊस मुठा, आंबी आणि मोसे ह्या तिघी बहिणी घेऊन येतात. टेमघर, पानशेत, वरसगांव व खडकवासला ह्या चार धरणांत तो अडविला जातो. आणि खडकवासल्याहून नळांनीं शहरास व कालव्यानें शेतांस वांटला जातो. खडकवासल्याचें मूळ धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें; त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसराकडे व पुढें दौंड-इंदापुराकडे जातो. म्हणजे मुठेचें खरें पाणी शहराच्या एका अंगानें कालव्यांतून निघून जातें, आणि पात्रांत उरतें तें पाझराचें, ओढ्यांचें व आपल्याच घरांतून वाहून आलेलें सांडपाणी. आपण नदीस जें देतों तेंच ती आपल्यास आठ महिने दाखवीत असते. पावसाळ्यांत मात्र ती आपलें स्वतःचें रूप दाखविते. हीं दोन रूपें मनांत ठेवून चालूं लागलें म्हणजे प्रत्येक पूल कांहीं निराळेंच सांगूं लागतो.

लकडी पूल

लकडी पुलास लाकूड नाहीं, हें पुण्याच्या विनोदांपैकीं एक जुनें भांडवल आहे. पेशवाईंत येथें खरोखरच लांकडी पूल होता. पानिपताच्या संहारानंतर, म्हणजे १७६१ सालीं, पराभव पावून परतलेल्या शिपायांस नेहमींच्या वाटेनें लोकांसमोरून येण्याची लाज वाटे. त्यांस गुपचूप शहरांत शिरतां यावें म्हणून हा पूल घातला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंत इतिहास किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ज्या समाजानें ती जपली त्याच्या मनाची जखम तिच्यांत स्पष्ट दिसते. त्याच वर्षीं जून महिन्यांत नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीवर देह ठेवला. पुढें इंग्रजी अमदानींत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, लांकडाच्या जागीं दगडी कमानी आल्या. हल्लीं ह्या पुलास संभाजी पूल असें नांव आहे. परंतु लोकांच्या तोंडचें जुनें नांव अद्याप सुटलेलें नाहीं.

जुनें पुणें उजव्या कांठीं. डाव्या कांठीं भांबुर्डें, एरंडवणें हीं खेडीं आणि शेतें. १८८५ सालीं स्थापन झालेलें फर्ग्युसन कॉलेज पुढें नदीपलीकडच्या माळावर गेलें, १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला, आणि पेठांतील तरुण रोज पूल ओलांडूं लागले. ह्या पुलानें केवळ दोन कांठ नव्हे, तर दोन काळ जोडले. आजहि आषाढी वारीच्या वेळीं ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या ह्याच पुलावरून पेठांत शिरतात, आणि अनंतचतुर्दशीस गणपतींच्या मिरवणुकी लक्ष्मी रस्त्यावरून येऊन ह्याच पुलाच्या तोंडाशीं विसावतात. पुलावरून गर्दी पाहणारे आपण सर्वच आहों. हिंवाळ्यांतील एखाद्या सकाळीं पुलाच्या बाजूनें खालीं उतरून, त्याच्या खांबांजवळ उभें राहून वर पाहावें. वर कठड्याशीं चाललेलीं माणसें केवढीं उंचावर दिसतात! ह्या उंचीवरून पाणी वाहिलें होतें, ही गोष्ट तेथें उभें राहिल्यावांचून पटत नाहीं.

बारा जुलै

तो दिवस १२ जुलै १९६१ चा. आंबी नदीवर पानशेत येथें मातीचें धरण बांधण्याचें काम चालू होतें. तें पुरें होण्याआधींच त्यांत पावसाचें पाणी सांठत गेलें. सैन्याच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तें सांवरून धरण्याची शिकस्त केली. परंतु सकाळीं धरण फुटलें. त्याचें पाणी खालच्या खडकवासल्याच्या धरणांत शिरलें, आणि कांहीं तासांनीं तेंहि फुटलें. मुठेच्या कांठच्या पेठा, डेक्कन जिमखाना, पुलाची वाडी हे सर्व भाग पाण्याखालीं गेले. लकडी पूल दिसेनासा झाला. पूर ओसरला तेव्हां घरोघर चिखल उरला. आणि खडकवासला फुटल्यामुळें पुरांत बुडालेलें शहर दुसऱ्याच दिवशीं पिण्याच्या पाण्यास मोताद झालें. ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्यासाठीं शहराच्या निरनिराळ्या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. अर्धगोल छपराच्या त्या घरांत किती संसार नव्यानें मांडले गेले हें जुन्या पुणेकरांस सांगावयास नको.

कांहीं घरांच्या भिंतींवर त्या दिवशींच्या पाण्याची खूण करून ठेविली होती. नदीकांठच्या जुन्या वस्तींत चालतांना अशी खूण कोठें दिसली तर मुलांस तिच्यापाशीं थांबवावें व तिच्याखालीं उभें करावें. पण भिंती पडतात, नव्या इमारती येतात, रंगाचे हात बसतात. अधिक भरंवशाची खूण घरांतील माणसाची. ज्याचें वय तेव्हां दहा वर्षांचें होतें तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. ज्या घरांत असे आजोबा किंवा अशी आजी आहे, तेथें नातवंडांनीं त्यांस एकदां लकडी पुलापाशीं न्यावें आणि त्यांचें सांगणें लिहून ठेवावें. कोणत्या जिन्यानें वर गेलों, शेजारीं कोणी आसरा दिला, काय वांचलें, काय वाहून गेलें, ह्या गोष्टी सरकारी अहवालांत येत नाहींत. आणि आणखी दहा-पंधरा वर्षांनीं त्या विचारावयास कोणी उरणार नाहीं.

उंच पूल आणि ठेंगणा पूल

लकडी पुलाच्या शेजारींच दोन अगदीं निराळ्या स्वभावाचे पूल आहेत. एक काकासाहेब गाडगीळांच्या नांवाचा. त्याचें वळण इंग्रजी झेड अक्षरासारखें असल्यामुळें तो 'झेड ब्रिज' म्हणूनच ओळखला जातो. त्यावरून दुचाकी गाड्या जातात, आणि संध्याकाळीं वारा खात बसलेल्या तरुण-तरुणींची कठड्याशीं रांग लागते. दुसरा बाबा भिडे पूल. हा इतका ठेंगणा कीं पाण्याच्या अंगावर ठेवलेल्या फळीसारखा दिसतो. खडकवासल्यांतून पाणी सोडलें कीं प्रथम बुडतो तो हा. "भिडे पूल पाण्याखालीं गेला," हें वाक्य पावसाळ्यांत पुण्याच्या घराघरांत उच्चारलें जातें. नदी वाढली कीं नाहीं हें ओळखण्याचें तें पुणेकरांचें घरगुती माप आहे.

वर्तमानपत्रांत 'इतके क्युसेक पाणी सोडलें' असें आपण वाचतों व पान उलटतों. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, अर्थात् सुमारें २८ लिटर पाणी. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सुमारें ३५ हजार क्युसेक पाणी सोडावें लागलें. म्हणजे दर सेकंदास जवळ जवळ दहा लक्ष लिटर. त्या दिवशीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरांत पाणी शिरलें, आणि पुलाच्या वाडींत विजेचा धक्का बसून तीन जण दगावले. ह्यावेळीं धरण फुटलें नव्हतें. नदी आपल्याच पात्रांत आली होती. तेथें आपण आधींच जाऊन बसलों होतों.

नदीच्या पात्राविषयीं दोन रेषांची माहिती प्रत्येक घरांत असली पाहिजे. सरासरीनें पंचवीस वर्षांत एकदां येणारा पूर जेथपर्यंत पोंचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांत एकदां येणारा पूर जेथपर्यंत पोंचतो ती तांबडी रेषा. नकाशावर ह्या रेषा आहेत. जमिनीवर त्या डोळ्यांस दिसत नाहींत, आणि जें दिसत नाहीं तें घर घेतांना कोणी विचारीत नाहीं. मुलामुलींचीं लग्नें जमवितांना आपण सात पिढ्यांची चौकशी करतों. जन्माची पुंजी घालून घर घेतांना नदीची एवढी एक रेषा विचारण्यास काय हरकत आहे?

येथून पुढें डाव्या कांठाशीं, पात्रांतच उभ्या असलेल्या उंच खांबांवरून मेट्रो आगगाडी धांवते. गरवारे कॉलेजापासून दिवाणी न्यायालयापर्यंतचा हा मार्ग ऑगस्ट १९२३ च्या नव्या पुलानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ रोजीं, सुरू झाला असें म्हणतां आलें असतें; परंतु नवा पूल सप्टेंबरांतला, म्हणून शंभराला दीड महिना कमी! ह्या खांबांविषयीं पुष्कळ वाद झाला व प्रकरण न्यायासनापर्यंत गेलें. एवढें मात्र खरें, कीं गाडीच्या खिडकींतून नदीचें जें लांबच लांब दर्शन होतें तें पूर्वीं कोणासच होत नव्हतें. पण तेंहि दर्शन वरूनच.

ओंकारेश्वराचा घाट

शनिवार पेठेच्या अंगास ओंकारेश्वराचें देऊळ लागतें. इ. स. १७३८ च्या सुमाराचें हें मंदिर. त्याच्या आवारांत वसईच्या विजयानें कीर्ति पावलेल्या चिमाजी अप्पांची समाधि आहे. मे १७३९ मध्यें वसई हातीं आली, आणि डिसेंबर १७४० मध्यें अप्पांचा अंत झाला. विजय आणि मृत्यु ह्यांत दोन वर्षांचेंहि अंतर नाहीं. पुढें कितीतरी काळ ह्या देवळाशेजारीं शहराचें स्मशान होतें. ज्या कुटुंबांनीं आपलीं माणसें येथें पोंचविलीं त्यांस ओंकारेश्वर हा शब्द उच्चारतांच थोडें गंभीर व्हावें लागे.

येथील पायऱ्यांवर क्षणभर बसावें. घाट आणि पूल ह्यांतील भेद येथें जितका स्पष्ट होतो तितका अन्यत्र होत नाहीं. पूल माणसास नदीवरून नेतो. घाट माणसास नदीकडे नेतो. पूल म्हणतो, पाण्यास न शिवतां पलीकडे जा. घाट म्हणतो, एक एक पायरी उतर, पाय भिजव, मग वर ये. पुण्यास पिण्याचें पाणी पेशवाईंतहि कात्रजेच्या नळानें येई व पेठांतील हौदांत पडे. तरी स्नान, धुणें, वाणवसा, श्राद्ध, मुलांचें पोहणें ह्या निमित्तांनीं घरांतील प्रत्येक माणसाचा नदीशीं संबंध येत असे. सिद्धेश्वर, वृद्धेश्वर, पांचाळेश्वर, ओंकारेश्वर अशीं देवळें कांठीं उभीं राहिलीं तीं ह्याच संबंधामुळें. आज पुलांची संख्या वाढली आणि घाटांच्या पायऱ्यांवर उतरणारीं पावलें कमी झालीं. गणपतीचें विसर्जन घाटावर होतें, पण मूर्ति पुष्कळ ठिकाणीं नदींत न बुडतां शेजारच्या हौदांत बुडते. हें योग्यच आहे; नदीची आजची स्थिति पाहतां दुसरा मार्ग नाहीं. परंतु देवास पाण्यांत घालण्याजोगी आपली नदी राहिली नाहीं, ह्याची खंत त्या हौदाकाठीं किती जणांस वाटते?

जवळच महर्षि विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्या नांवाचा पूल आहे. अस्पृश्यतानिवारणास आयुष्य वाहिलेल्या त्या पुरुषाचें नांव पुलास द्यावें ह्यांत औचित्य आहे; माणसामाणसांतील दरी बुजविण्याचें काम त्यांनीं केलें. ह्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. सकाळच्या फिरण्यासारखी निरुपद्रवी गोष्ट दुसरी नसेल. तेथून जातांना पाऊल आपोआप मंद होतें, आणि तें व्हावेंच.

नवा पूल

शनिवारवाड्याच्या बाजूस आलें कीं दगडी कमानींचा जो देखणा पूल लागतो तो नवा पूल. त्याचें मूळ नांव लॉइड ब्रिज. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांचें. सप्टेंबर १९२३ मध्यें तो खुला झाला. पुढें त्यास शिवाजी पूल हें नांव मिळालें. शंभरी ओलांडली तरी पुणेकरांच्या तोंडीं तो नवाच आहे! लकडी पुलांतलें लाकूड गेलें आणि नव्या पुलांतलें नवेपण गेलें, पण नांवें टिकलीं. आपल्या शहराच्या स्मरणशक्तीचा हा एक मासला आहे. स्मरण टिकतें तें नांवांत. अनुभवांत टिकतेंच असें नाहीं.

सकाळचें तिरपें ऊन ह्या पुलाच्या कमानींखालीं शिरतें तेव्हां पाण्यावरील लाटांचें प्रतिबिंब वरच्या दगडांवर थरथरत असतें. हें पाहण्यास लहान मुलांस जरूर थांबवावें. १९६१ चा पूर अंगावर घेऊन हा पूल उभा राहिला. पुढें डेंगळे पूल लागतो. पेशवाईच्या अखेरीस गाजलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यांचें नांव त्यास आहे.

ह्या टप्प्यांत कांठीं कोठें करंज, कोठें उंबर, क्वचित् वाळुंजाचें झाड दिसतें. पाण्यांत लाल लांब पायांचे, काळ्या पंखांचे शेकाटे शांतपणें टिपीत असतात. बगळे, पाणकावळे, शेपटी हालवीत धांवणारा धोबी हेहि भेटतात. पक्षी पाहून मन रमतें. मात्र त्यावरून नदी निर्मळ आहे असा समज करून घेऊं नये. शेकाट्यांची गर्दी ही बहुधा मैल्या पाण्यांतील किड्यांच्या मुबलकतेची खूण असते. उन्हांत हिरवीगार दिसणारी जलपर्णीहि तशीच: सांडपाण्यांतील खतावर ती फोंफावते, पाण्यावर छत धरते आणि खालच्या पाण्यांतील प्राणवायु कमी होतो. सुंदर दिसणारें सर्व कांहीं आरोग्याचें लक्षण नसतें, हा धडा वैद्यापाशीं न जातां येथें मिळतो.

संगम

मुळा आणि मुठा जेथें मिळतात तें संगमाचें स्थान. त्याच्या किंचित् वर रेल्वेचा पूल व त्याशेजारीं संगम पूल. रेल्वे पुण्यास आली ती १८५८ सालीं. संगमावरील दगडी पूल १८७५ चा, त्याआधीं तेथें लांकडी पूल होता. पेशवाईंत इंग्रज रेसिडेंटाचा मुक्काम ह्याच ठिकाणीं असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली त्या दिवशीं ती रेसिडेन्सी जळून खाक झाली. पण पुढच्या कांहीं महिन्यांत पेशवाईच गेली. पुढें ह्याच परिसरांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 'संगमाश्रमां'त राहिले. ज्या कांठानें राज्य जातांना पाहिलें, त्याच कांठीं संस्कृत विद्येची नवी पद्धति रुजली.

१८५४ सालापासूनचें इंजिनिअरिंग कॉलेज, हल्लींचें अभियांत्रिकी विद्यापीठ, येथून जवळच. त्याचा बोट क्लब व तेथील नौकांचे खेळ प्रसिद्ध आहेत. एवढ्या वरच्या अंगास पात्र कोरडें आणि येथें नौका चालण्याइतकें पाणी कसें, असा प्रश्न मुलें विचारतील. त्याचें उत्तर पुढें तीन किलोमीटरांवर आहे. तेथें बंधारा आहे, आणि त्याच्यामागें तुंबलेलें पाणी संगमापर्यंत पसरतें.

बंड आणि सिंहांचा पूल

हा बंधारा १८५० सालचा. लष्करच्या वस्तीस पाणी मिळावें म्हणून तो बांधला गेला, आणि त्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं मोठी रक्कम दिली. कांठच्या बागेस बंडगार्डन हें नांव ह्याच बंधाऱ्यावरून पडलें. बंधाऱ्याजवळचा फिट्झजेरल्ड पूल १८६९ च्या सुमारास पुरा झाला. दोन्ही टोंकांस बसविलेल्या सिंहांच्या मूर्तींमुळें तो मुलांस विशेष आवडतो. १९६१ च्या लोंढ्यापुढें तोहि टिकला. आतां त्याच्या शेजारीं नवीन पूल झाल्यामुळें जुन्यावर वाहनांची वर्दळ पूर्वींसारखी राहिलेली नाहीं, आणि म्हणून कमानींवर हात टेकून निवांत उभें राहण्यास ह्या सर्व वाटेवर हीच जागा उत्तम. पलीकडे येरवड्याच्या बाजूस आगाखान महाल. तेथें २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा गांधींनीं बंदिवासांत देह ठेवला. पाणी मात्र येथें थांबत नाहीं. मुळा-मुठा होऊन तें रांजणगांव सांडसाजवळ भीमेस मिळतें, भीमा कृष्णेस. पंढरपुरास चंद्रभागा म्हणून जिच्यांत वारकरी स्नान करतात ती हीच भीमा. आपण लकडी पुलाखालीं काय सोडतों ह्याचा संबंध असा दूरवर पोंचतो.

शहराची परीक्षा

महापालिकेनें मुळा-मुठेच्या सुमारें ४४ किलोमीटर कांठाची सुधारणा करण्याची योजना हातीं घेतली असून २०२२ सालीं तिची पायाभरणी झाली. बंडगार्डनच्या बाजूस तिचें कांहीं काम दिसूं लागलें आहे. फिरण्यास रुंद वाटा, बसण्यास जागा, कांठांस बांधीव दगड हीं तिचीं अंगें. लोक नदीकडे येतील असें योजनेचे समर्थक म्हणतात. पात्र आवळलें जाईल, जुनीं झाडें जातील आणि पुराची पातळी वाढेल, असें विरोधक म्हणतात. ह्या वादांत सामान्य गृहस्थानें दोन प्रश्न विचारावेत. पहिला: कांठ सुंदर झाला तरी त्यांतलें पाणी मूल पाय घालूं शकेल इतकें स्वच्छ होणार कीं नाहीं? दुसरा: पावसाळ्यांत नदी वाढेल तेव्हां तिला पसरावयास जागा उरणार कीं नाहीं? ह्या दोहोंचें उत्तर 'होय' असेल तर ती सुधारणा. नसेल तर ती केवळ एका लांब पुलाचीच दुसरी तऱ्हा. म्हणजे नदीस न शिवतां तिच्या बाजूनें जाण्याची सोय.

हे प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र नदी पाहिलेल्यासच शोभतो. जो कधीं पायऱ्या उतरला नाहीं त्याला पात्र किती आवळलें हें कसें कळणार? ज्या मुलानें मैलें पाणी जवळून पाहिलें नाहीं तें न्हाणीघराचें पाणी कोठें जातें हें कशास विचारील? आपल्या आजी-पणजींस नदीचें माहात्म्य पोथींतून ठाऊक होतें आणि तिचा स्वभाव रोजच्या येण्याजाण्यानें. पोथी आपण ठेविली, पण येणेंजाणें सोडलें. तें पुन्हां सुरू करावयास कोणाच्या परवानगीची किंवा देणगीची गरज नाहीं.

म्हणून ह्या हिंवाळ्यांत एक रविवार नदीसाठीं राखून ठेवावा. बरोबर पाण्याचा तांब्या, गुळाची पोळी किंवा तिळाच्या वड्या घ्याव्यात. आजोबांसाठीं काठी, मुलांसाठीं वही. वहींत मुलांनीं प्रत्येक पुलाचें नांव, त्याखालीं दिसलेलें पाणी आणि त्यापाशीं आजोबांनीं सांगितलेली गोष्ट लिहावी. पुढें जुलै महिन्यांत, दुरून व सुरक्षित जागेवरून, त्याच पुलाखालचें पाणी पाहावें व वहींतील मजकुराशीं ताडून पाहावें. दोन ऋतूंतील नदी अशी शेजारीं शेजारीं लिहिली गेली, कीं निळी रेषा कोठें आहे हें त्या मुलास नकाशा न पाहतां कळेल. आणि उद्यां तें मूल घर घेणारें, घर बांधणारें किंवा शहराचा कारभार पाहणारें झालें, म्हणजे ती वही त्याच्या उपयोगीं पडेल.